डॉक्टर व्हायचंय, मग ही कारकुनी कशाला?

पत्र: ताई, मी अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेजर बायॉलॉजी. मेडिकल स्कूलला अर्ज करायचाय. ग्रेड्स बऱ्या आहेत, एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चालू आहे, पण ‘क्लिनिकल अनुभव’ या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नाही. एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात मेडिकल स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घ्यायची, नोकरी मिळतेय. तासाला १५ डॉलर, रात्रपाळ्या धरून आठवड्याला २० तास, आणि एक वर्ष सोडायचं नाही असं लिहून घेतायत. दुसरीकडे घरूनच लॅपटॉपवर स्क्राइबिंग करायचंही काम आहे, ते सोयीचं पडेल. बाबा म्हणतात, डॉक्टर व्हायचंय तर कारकुनी कशाला? आणि हे सगळं आता एआयच करणार आहे. माझी रूममेट ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचा, कोर्स करतेय. ती म्हणते, स्क्राइब पेशंटला हातसुद्धा लावत नाही, तो कसला अनुभव! मला टायपिंग येतं, पण घाई झाली की माझी गडबड होते, हेही सांगून ठेवते. घेऊ की नको?

उत्तर: घे. इमर्जन्सीतली घे, घरबसल्याची सोडून दे. उत्तर एवढंच. का आणि कसं, ते मात्र जरा लांबणार आहे, कारण मेडिकल स्कूलच्या आधी मी स्वतः पावणेदोन वर्षं हेच केलंय, आणि आता मी डॉक्टर झाल्यावर माझ्या शेजारी बसून तुझ्या वयाची मुलं ते करतात. दोन्ही खुर्च्यांवर बसून झालंय.

आधी बाबांचं. त्यांचं म्हणणं खोटं नाही, ही कारकुनीच आहे. डॉक्टर आणि पेशंट बोलतात, तू लिहितेस. तपासायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, औषधाची ऑर्डर आपल्या मनाने टाकायची नाही. नोंदीच्या शेवटी ‘अमुक डॉक्टरांसाठी स्क्राइब म्हणून लिहिलं’ अशी तुझी ओळ, आणि तिच्याखाली ‘वाचलं, बरोबर आहे’ अशी डॉक्टरांची सही. बोटं तुझी, जबाबदारी त्यांची.

हे काम इतकं वाढलं कशामुळे तेही बाबांना सांग. इमर्जन्सीत स्क्राइब पूर्वीपासून होते, पण २००९ साली हायटेक कायदा आला आणि सरकारने डॉक्टरांना, हॉस्पिटलांना ईएचआर घ्यायला, म्हणजे पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायला पैसे देऊ केले. पुढे जे मागे राहिले त्यांचे मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे कापायला सुरुवात केली. कागदांचे ढीग गेले आणि क्लिकांचे ढीग आले. २०१६ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये एक पाहणी छापून आली. ५७ डॉक्टरांच्या मागे माणसं वेळ मोजत उभी केली होती. निघालं असं, की पेशंटसमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास रेकॉर्ड आणि टेबलावरच्या कामात जातात. मी आज डॉक्टर आहे, मला यात नवल काही वाटत नाही. मला तर दोन तास कमीच वाटले.

तेव्हा कारकुनी ती कारकुनीच. पण कारकून कुणाच्या शेजारी बसतो तेही बघायला नको का?

एक पेशंट घेऊ. चोपन्न वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखतंय म्हणून आलेत. छातीदुखी आली की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा असा दंडक आहे, त्यामुळे तुम्ही खोलीत शिरता तेव्हा तो कागद डॉक्टरांच्या हातात असतो. तू चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत मागून येतेस आणि कोपऱ्यात, पडद्याला पाठ लावून उभी राहतेस. डॉक्टर विचारतात, कधी सुरू झालं? काय करत होता? बोट ठेवून दाखवा. गृहस्थ बोट ठेवत नाहीत, सबंध मूठ छातीवर ठेवतात. तू ते लिहितेस. दुखणं कुठे जातं का? डाव्या हातात? जबड्यात? घाम आला? मळमळ? श्वास घेतला की वाढतं का? एवढ्यात कुठे लांबचा प्रवास? ऑपरेशन? पोटरी सुजलीय? पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, काही फाटल्यासारखं? मग डॉक्टर नर्सला सांगतात, दोन्ही हातांचं ब्लड प्रेशर घ्या.

पहिल्या आठवड्यात तुला हे सगळं नुसती प्रश्नांची सरबत्ती वाटेल. छातीत दुखतंय त्या माणसाला पोटरीचं काय विचारायचं? तिसऱ्या आठवड्यात कळेल की प्रत्येक प्रश्न एकेका आजाराच्या दारावर टकटक करतो. जबडा आणि घाम हृदयासाठी. प्रवास, ऑपरेशन आणि पोटरी फुप्फुसात गेलेल्या रक्ताच्या गाठीसाठी. पाठीतली कळ आणि दोन हातांतला प्रेशरचा फरक महाधमनीच्या फाटीसाठी. पेशंट ‘नाही, नाही, नाही’ म्हणतो ना, ती प्रत्येक ‘नाही’ तुला लिहायची असते, कारण ती एकेक दार बंद करते. या कामाच्या भाषेत त्यांना ‘पर्टिनंट निगेटिव्ह्ज’ म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलांना हे पुढे पाठ करावं लागलं. मला ते तोपर्यंत कानाने पाठ झालं होतं.

खरी कमाई तर यानंतरची. डॉक्टर खोलीबाहेर येतात, भिंतीला टेकतात आणि तुला दोन-तीन वाक्यं सांगतात. हार्ट स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धोक्याचे गुण, करू या: हिस्ट्रीचा एक, ईसीजी शून्य, वयाचा एक, रिस्कचा एक, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आलं की बघू. तीनपर्यंत राहिला तर दुसरं ट्रोपोनिन करून बहुधा घरी, चार झाला तर ठेवून घेऊ. गाठ वाटत नाही कारण अमुक. फाट वाटत नाही कारण तमुक. नोंदीतला हा भाग म्हणजे ‘मेडिकल डिसिजन मेकिंग’, सगळे एमडीएम म्हणतात. इमर्जन्सीच्या बिलाची पातळी २०२३ पासून याच भागावरून ठरते, म्हणून डॉक्टर तो अगदी जपून सांगतात. बिलाचं कारण बिलापाशी. तुझ्यासाठी गोष्ट ही, की एक अनुभवी माणूस आपला विचार तुझ्या कानाशी मोठ्याने बोलतोय, पाळीत वीस-पंचवीस वेळा, आणि वर तुला त्याचे पैसे मिळतायत. शॅडोइंग करणाऱ्या, म्हणजे डॉक्टरांच्या मागे नुसतं बघत फिरणाऱ्या, मुलांना हे मिळत नाही. ती पाहुणी म्हणून आलेली असतात, आणि पाहुण्यासमोर कोण मोठ्याने विचार करतो?

१९६८ साली लॉरेन्स वीड या डॉक्टरने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहून पेशंटच्या नोंदी कशा लिहाव्यात ते मांडलं. पेशंट काय सांगतो, आपल्याला काय सापडलं, आपल्याला काय वाटतं, पुढे काय करायचं, ही ‘सोप’ नोटची चौकट त्यांच्याच पद्धतीतून आली. त्यांचं म्हणणं असं, की नोंद नीट असेल तर विचारही नीट होतो. बाबांना पटलं नाही तर हे सांगून बघ.

आता तुझी गडबड. बरं झालं तू स्वतःहून सांगितलंस, कारण या कामात गडबडीसारखं धोक्याचं दुसरं काही नाही. माझीच एक सांगते. तिसरा महिना असेल, पहाटेचे चार. सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉर्मल एक्झाम’चा एक साचा असतो. एक क्लिक केलं की डोक्यापासून पायापर्यंत सगळं नॉर्मल अशी दहा-बारा वाक्यं आपोआप पडतात, मग वेगळं असेल तेवढं बदलायचं. मी क्लिक केलं, फुप्फुसांचं बदललं आणि पुढच्या खोलीत गेले. सही करायच्या आधी डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. साच्यातली शेवटची ओळ तशीच होती: दोन्ही पावलांच्या नाड्या व्यवस्थित लागतात. ते म्हणाले, “उजव्या पावलाची नाडी कुठे सापडली तुला? मला तर पाऊलच सापडलं नाही.” डायबेटिसमुळे त्या आजोबांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. मी अर्धा तास त्या खोलीत उभी होते, आणि पायांवर पांघरूण होतं.

आपल्याकडे बाळाजी आवजी चिटणिसांची गोष्ट सांगतात. महाराजांनी सांगितलेलं पत्र लिहायचं राहून गेलं, आणि वाचून दाखव म्हटल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावरून ते घडाघडा वाचलं. लहानपणी मला ही गोष्ट भारी आवडायची. स्क्राइब झाल्यावर तिची भीती वाटायला लागली, कारण डॉक्टर पुढे काय म्हणणार हे सहा महिन्यांत तुलाही कळायला लागतं. हात आधीच चालायला लागतो. आणि न घडलेली तपासणी कागदावर उतरते. तो साचा म्हणजे दुसरं काय? कोरा कागदच, फक्त आधी छापून ठेवलेला.

यावर उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवसापासून हाताला लावून घ्यायचा. ऐकू आलं नाही, कळलं नाही, खात्री नाही, तिथे अंदाज लिहायचा नाही. एपिक या रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरवर असशील तर तिथे तीन चांदण्या टाकायच्या. एफ-टू दाबलं की कर्सर एकेका चांदण्यांवर उडी मारत जातो, आणि त्या भरल्या नाहीत तर नोंद सहीला अडते. पाळी संपताना डॉक्टरांसमोर उभं राहून ‘खोली बारा, डोस १५ की ५०?’ असं विचारायचं. कुणी रागावत नाही. रागावणारे एखाद-दुसरे भेटतील, त्यांच्या नोंदी दुप्पट काळजीने लिही. आणि कानाला फसवणाऱ्या जोड्यांची एक चिठ्ठी कर. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेझिया म्हणजे बोलण्यात अडचण. हायपो आणि हायपर तर घाईत एकसारखेच ऐकू येतात. डावं-उजवं नेहमी पेशंटचं, तू समोर उभी असतेस म्हणून तुझं उलटं होतं. टायपिंगचा वेग पंधरा दिवसांत वाढतो. त्याची काळजी कंपनी करते, तू करू नकोस.

शब्दांचंही सांगते, हे माझं खास दुखणं आहे. इथल्या नोंदींत ‘पेशंट डिनाइज अल्कोहोल’ अशी जुनी धाटणी आहे. अर्थ एवढाच की ‘पित नाही असं सांगितलं’, पण वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला खोटारडं ठरवलंय. एप्रिल २०२१ पासून पेशंटला आपल्या नोंदी लगेच बघता येतात. तू पहाटे लिहिलेलं तो सकाळी फोनवर वाचतो. चालीरीत तुझ्या डॉक्टरांची असेल ती पाळ, पण जिथे मोकळीक असेल तिथे सरळ लिही.

रूममेट म्हणते ते पटकन निकालात काढू नकोस. तिचा मुद्दा बिनतोड आहे. पेशंट तुझ्याकडे पाणी मागेल. द्यायचं नाही! त्याचं कदाचित ऑपरेशन व्हायचं असेल, पोट रिकामं ठेवलेलं असेल. तू नर्सला सांगायचं आणि पुन्हा कोपऱ्यात. म्हाताऱ्या बाई घाबरून हात पुढे करतील आणि तुझे हात कीबोर्डवर असतील. पहिले काही आठवडे याचा त्रास होतो, नंतर होत नाही, आणि मला ते ‘नंतर’च जास्त घातक वाटतं. बघण्याची सवय लागते. ईएमटीचा कोर्स साधारण दीडशे तासांचा, नर्सिंग असिस्टंटचा तर केंद्राच्या नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचा, आणि तो झाला की माणसाला उठवणं, पुसणं, भरवणं हे तुझ्यावर पडतं. डॉक्टरकीचा मोठा भाग तोही आहे. उद्या तुझा बेत बदलला आणि फिजिशियन असिस्टंटकडे वळलीस, तर हा फरक आकड्यांत दिसेल. त्यांच्या प्रवेशाच्या कॅस्पा अर्जात ‘पेशंट केअर’ आणि ‘हेल्थकेअर’ अनुभवाचे तास वेगळे मोजतात, आणि स्क्राइबचे तास बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या, हलक्या रकान्यात जातात. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा, तो आधी वाच.

म्हणून माझं मत असं. स्क्राइबिंग कर, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातले दोन-तीन तास अशा ठिकाणी दे जिथे तुझ्या हातात कीबोर्ड नसेल. मी हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेतात तिथे, जात होते. एका आजींना रोज तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचून दाखवायचं, एवढंच काम. स्क्राइबिंगने मला डॉक्टर कसा विचार करतो ते दिलं. गप्प बसायला मात्र मी त्या आजींकडे शिकले. दोन्ही एकाच नोकरीत मिळेल अशी नोकरी मला तरी माहीत नाही.

घरबसल्याचं काम का नको, तेही यातूनच येतं. कानाला हेडफोन, खोलीतला आवाज तेवढा तुझ्यापर्यंत येतो. मूठ छातीवर ठेवलेली दिसत नाही. आणि भिंतीला टेकून होणारी ती दोन-तीन वाक्यं? ती तर कॅमेऱ्याच्या बाहेरच होतात. काम म्हणून त्यात वाईट काही नाही, पैसे हवे असतील तर चांगलं आहे. शिकायला जातेस तर तिथे तू हवीस.

एआयचं बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. संभाषण ऐकून नोंद तयार करणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, २०२४ साली कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने तर आपल्या ४० हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांना ती देऊ केली. स्क्राइबच्या जागा कमी होतील असंच मला वाटतं. तुझी एका वर्षाची गोष्ट आहे, तेवढ्यात आभाळ कोसळत नाही. पण मुलाखतीत स्पष्ट विचार: या विभागात एआय आणायचा विचार आहे का, आणि आलं तर स्क्राइबने काय करायचं? काही ठिकाणी स्क्राइब आता मशीनची नोंद तपासतो. तेही वाईट नाही. मशीन न बोललेली गोष्ट बेधडक लिहून मोकळं होतं, माझ्या पहाटेच्या चारसारखं, आणि ते पकडायला खोलीत उभं असलेलं कुणीतरी लागतंच.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, मी विचारते. तुझा व्हिसा कोणता? नागरिक किंवा ग्रीन कार्ड असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असशील तर कॅम्पसबाहेरची पगारी नोकरी परवानगीशिवाय चालत नाही. सीपीटी किंवा ओपीटी ही विद्यार्थ्यांसाठीची कामाची परवानगी लागते, तीही तुझ्या मेजरशी संबंधित कामासाठी, आणि त्यासाठी आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जायचं. आई-वडिलांमुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलामुलींना नोकरी करताच येत नाही. एच-४ ची जी वर्क परमिट ऐकतो ती ठरावीक जोडीदारांसाठी आहे, मुलांसाठी नाही. ‘पगार न घेता करते’ हीही पळवाट नाही. जे काम इतर जण पगारावर करतात ते फुकट करणंही अडचणीत आणू शकतं. खरीखुरी स्वयंसेवा, हॉस्पिससारखी, चालते. आपल्या घरांतली किती मुलं इथे जन्मली नाहीत पण इथेच वाढली, आणि हा नियम त्यांना ऐन अर्जाच्या वर्षी कळतो. म्हणून एवढं लिहिलं.

करार नीट वाच. एक वर्ष हे बहुतेक ठिकाणी मागतात आणि ते मला गैर वाटत नाही. तुला तयार करण्यात त्यांचे पहिले काही आठवडे जातात आणि तीन महिन्यांआधी तू कुणाच्या फारशा उपयोगाची नसतेस. पण आधी सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे परत मागतात का, ट्रेनिंगमध्ये तासाचा दर कमी आहे का, परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलून मिळते का, हे बघ. एमकॅटची तारीख पहिल्याच दिवशी लेखी दे. परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत एकही रात्रपाळी घेऊ नकोस, कुणीही कितीही गळ घातली तरी. मी घेतली होती, आणि एमकॅट मला दुसऱ्यांदा द्यावी लागली. आणि हिशेब मांडून बघ. मेडिकल स्कूलचे अर्ज मे महिन्यात उघडतात. याच मे महिन्यात भरलास तर तुझ्याकडे दाखवायला जेमतेम काही महिने असतील. मधे एक वर्ष घेऊन पुढच्या मेमध्ये भरलास तर करारही पुरा होतो आणि सांगायलाही काही असतं. बाबांना मधलं वर्ष म्हटलं की छातीत धस्स होईल, पण इथे ती अगदी नेहमीची गोष्ट आहे.

अर्जात हे कसं मांडायचं, थोडक्यात. ॲमकॅसमध्ये, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामायिक अर्जात, एकूण १५ अनुभव लिहिता येतात, प्रत्येकाला ७०० अक्षरं. त्यातले तीन ‘सर्वात अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. ७०० अक्षरांत स्क्राइब काय करतो ते समजावत बसू नकोस, निवड समितीला ते तोंडपाठ आहे. एक खोली सांग, एक पेशंट, आणि तुझ्या डोक्यात त्या दिवशी काय बदललं ते. त्यासाठी एक वही ठेव, पण तिच्यात नाव, तारीख, गाव, हॉस्पिटलचा नंबर, यातलं काहीही नको. पेशंटची ओळख पटवणाऱ्या अशा १८ गोष्टी हिपा या पेशंटच्या गुप्ततेच्या कायद्याच्या नियमांत मोजून दिल्या आहेत, ती यादी ट्रेनिंगमध्ये लक्ष देऊन वाच. फोटो तर नाहीच, रिकाम्या खोलीचाही नाही. ओळखीचं कुणी ॲडमिट झालं म्हणून सहज त्याचं रेकॉर्ड उघडून बघणारी चांगली मुलं एका दुपारीत नोकरी गमावून घरी गेलेली मी पाहिलीत. कोणी, कधी, काय उघडलं याची नोंद सिस्टीम ठेवते. शिफारसपत्राचं डॉक्टरांना सहाव्या महिन्यात विचार, शेवटच्या आठवड्यात नको.

आणि कधीतरी एखाद्या स्ट्रेचरवरून मराठी ऐकू येईल. कुणाच्या तरी आजी, मुलाकडे आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, घाबरलेल्या. तुझा जीव तुटेल. पण दुभाषी होऊ नकोस. ते तुझं काम नाही, आणि एका चुकलेल्या शब्दाची किंमत त्या आजी मोजतील. हॉस्पिटलने प्रशिक्षित दुभाषी द्यायचा असतो, फोनवर किंवा स्क्रीनवर. तू एवढंच सांग, की या बाई मराठी बोलतायत, मराठी दुभाषी मागवा. नाहीतर घाईघाईत हिंदीचा लावतात, आणि आजी मान हलवत राहतात. दुभाषी येईपर्यंत ‘आजी, येतायत हं’ म्हणायला मात्र कुणी अडवत नाही.

शेवटचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी तुझ्यासमोर कुणीतरी जाईल. सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करायची धडपड, चालू असताना स्क्राइब भिंतीला चिकटून वेळा टिपतो: कधी सुरू केलं, कोणतं इंजेक्शन कधी, शॉक कधी. मग डॉक्टर थांबतात, खोलीत सगळ्यांना विचारतात, कुणाला आणखी काही सुचतंय? कुणी काही बोलत नाही. ते वेळ उच्चारतात, आणि ती लिहिणारी तू असतेस. मला ती रात्र अजून मिनिटामिनिटाने आठवते, कारण ती मिनिटं मीच लिहिली होती. नंतर नातेवाइकांच्या छोट्या खोलीत डॉक्टर आधी खुर्ची ओढून बसले आणि मगच बोलले. मी आजही आधी बसते.

त्या रात्री घरी जाऊन कुणाशी तरी बोल, नावगाव न सांगता. आणि पहिल्या पाळीलाच विचारून ठेव, की वेळ कोणत्या घड्याळाची धरायची. भिंतीवरचं, मॉनिटरवरचं आणि शॉकच्या मशीनवरचं, तिन्ही सहसा जुळत नाहीत.